माटोळीतलं कंदीलफूल

स्टुलावर उभ्या असलेल्या गौरेशच्या हातात विनिता खालून एकेक वस्तू देत होती. आंबाड्यांचा घोस, कवंडळं, सुपारीचं शिपटं, लाल कांगण्या. चतुर्थी उद्यावर आली होती आणि गणपतीच्या आसनावर टांगलेली माटोळीची लाकडी चौकट अजून अर्धी रिकामी होती. रानातल्या फळाफुलांनी ती भरायची. वस्तू जितक्या जास्त आणि जितक्या न मिळणाऱ्या, तितकी माटोळी देखणी. त्यात यंदा गौरेशनं माटोळीच्या स्पर्धेत नाव घातलं होतं, त्यामुळे त्याच्या अंगात वारं संचारलं होतं.

“वैनी, आता डोळे मीट.”

“कित्याक रे? वय काय तुजां?”

“मीट म्हटल्यार मीट.”

धाकटा दीर, त्याचे एवढे लाड चालायचेच. तिनं हसत डोळे मिटले. पिशवी उघडल्याचा आवाज आला, मग सुंभ आवळताना त्यानं सोडलेला श्वास.

“हां. बघ आता.”

चौकटीच्या ऐन मध्यावर कंदीलफुलं लटकत होती. तळाशी फुगीर, वर निमुळती, टोकाला पाकळ्या एकमेकींना जुळलेल्या, बोटाएवढी फुलं. चार झाडं एकत्र बांधली होती, कंदांसकट. कंदांना अजून सड्याची तांबडी माती होती.

विनिताच्या हातातलं तोरिंगणाचं फळ जमिनीवर पडलं आणि घरंगळत पाटाखाली गेलं.

ही चार झाडं तिची ओळखीची होती. घरामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, चिऱ्यांच्या एका खाचेत, हिरव्यागार शेवाळाच्या गादीवर ती गेल्या वर्षी तिला दिसली होती. विनिता डिचोलीची. तिच्या लहानपणीचा डोंगर खाणीनं खाल्ला, त्यावरची फुलंही गेली. लग्न होऊन पार्से गावात आल्यावर तिला हा सडा मिळाला आणि सडा बघायला गौरेश मिळाला. नवऱ्याला फुलांचं वेड नव्हतं, त्याला रविवारी झोप हवी असे. तुयेच्या कारखान्यात आठवडाभर राबणारा हा दीर मात्र रविवारी सकाळी छत्री घेऊन दारात हजर. असे सहा पावसाळे गेले. कुठं पाय टाकायचा, शेवाळावर कुठं टाकायचा नाही, सीतेची आसवं ही इवली फुलं बघायला कसं ओणवं व्हायचं, सगळं तिनं त्याला शिकवलं होतं.

कंदीलफूल दाखवलं तेव्हा त्यानं फोटो काढला होता. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, तिनं काही न म्हणताच, तो पुसूनही टाकला होता.

“वैनी, ह्यां आमका दोगांकच ठावक,” असं तोच म्हणाला होता. तिनं विश्वास ठेवला तो तेव्हापासून.

“चारय काढलंस?” तिनं विचारलं.

“एक बांधलां तर खालसून दिसणाच नाय. घोस करूकच लागता.” तो स्टुलावरून उतरला आणि मागे सरून वर बघत राहिला. “तुज्यासाठीच हाडलां गे. तूच म्हणी होतंस मगे, असां फूल खंयच मेळणा नाय म्हणून?”

तिनंच म्हटलं होतं. मोठ्या कौतुकानं म्हटलं होतं. आता तेच शब्द त्यानं तिच्यापुढे धरले. एवढ्यात सासूबाई, गंगाबाई, तळलेल्या निवऱ्यांची परात घेऊन आल्या. वर बघून त्यांनी दोन्ही हात जोडले.

“विनितान शिकयल्यान म्हणून हो, नायतर ह्याका तेरडो आणि गवत एकच,” त्या म्हणाल्या.

माटोळीला एकदा बांधलं ते देवाचं झालं. विसर्जनापर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. सणाच्या घरात रडायचंही नसतं. विनिता पाटाखाली वाकली, तोरिंगण शोधण्याच्या निमित्तानं बराच वेळ वाकून राहिली. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, जणू खाचेतून कंद तिनंच उपटले होते.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. रघुनाथ सर म्हणून एक निवृत्त मास्तर होते. खाली मान घालून यादी लिहायची आणि वर मान करून वस्तू मोजायची, असा त्यांचा क्रम. गौरेश काठीनं दाखवत धडाधड नावं सांगत होता. प्रत्येक नाव विनितानं त्याला शिकवलेलं होतं. बाल्कांवापर्यंत, पार बाहेरच्या ओसरीपर्यंत, माणसं दाटली होती आणि निम्म्यांच्या हातात मोबाईल होते.

काठी मध्यावर आली तशी सरांनी चष्मा पुसला.

“हे मी माटोळीत पहिल्यांदाच बघतो. कुठं मिळालं?”

विनितानं गौरेशकडे बघितलं. आता तरी तो जागा सांगणार नाही, असं तिच्या मनात आलं.

“आमच्याच सड्यार,” गौरेश म्हणाला. “चिऱ्यांच्या जुन्या खणीमागे, वडाच्या उजवीकडसून सरळ वर. माज्या वैनीन दाखयल्यान.”

सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सरांनी हात जोडून म्हटलं, “धन्य आहात, बाई.” तिनंही हात जोडले. दुसरं काय करणार?

गौरेशला पहिला क्रमांक मिळाला. त्यानं मानचिन्ह आणून थेट तिच्या हातात दिलं. तिनं ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि भांडी घासायला घेतली.

रविवारी सकाळी तो छत्री घेऊन दारात उभा होता. गुडघा दुखतो असं सांगावं, असं तिला वाटलं. पण सहा वर्षांची सवय, पाय आपोआप चपलेत गेले.

सड्यावर हरणाच्या फुलांचा पिवळा गालिचा पसरला होता. खाचेकडे मात्र बघवत नव्हतं. चार भोकं, त्यांत साचलेलं पाणी, आणि भोवतालचं शेवाळ बुटांनी सोलून निघालेलं. गौरेशचे बूट नव्हते ते, बरीच माणसं येऊन गेली होती.

“फुडल्या पावसात येतलां गे परत,” गौरेश हलकेच म्हणाला. तो थोडा वेळ घुटमळला, मग खाणीच्या काठानं पुढे निघाला.

ती दुसऱ्या अंगानं करवंदीच्या जाळीला वळसा घालून गेली, आणि थबकली. जाळीच्या मुळाशी, काट्यांच्या आत, एकच झाड होतं. त्याला एकच कंदील, कालपरवा उमललेला. हाक मारायला तिनं तोंडही उघडलं होतं.

“वैनी, काय मेळलां?” त्यानंच तिकडून विचारलं.

विनितानं छत्री उघडली आणि जाळीच्या बाजूला कलती धरली. पाऊस नव्हता.

“काय नाय रे. तेरडो.”

“बरां,” तो म्हणाला, आणि बघायला आला नाही. वैनीनं तेरडा म्हटलं, म्हणजे तेरडाच असणार.