माझ्या बुडावरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना विलायती कप आहे. पांढरा, काठाला निळी वेल, कानाचा टवका उडालेला. माझं वय हवं असेल तर मला उलटा करा. बुडाशी निळा मुकुट आहे, त्याखाली ‘मेड इन इंग्लंड’, आणि शेजारी माती ओली असतानाच दाबलेले आकडे: पाच, एकवीस. म्हणजे सन १९२१च्या मे महिन्यातला माझा जन्म. माणसं वय चोरतात, आम्हा कपांना ती सोय नाही.

रिठदच्या उकंडरावांनी मला अकोल्याच्या बाजारातून आणलं. त्यांचा थोरला भाऊ शालिग्राम पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेला होता आणि तिकडेच तापानं वारला होता. परतलेल्या सोबत्यानं हे एकट्या उकंडरावांना सांगितलं होतं. पण वहिनीला, सोजरबाईला, ‘कुंकू पुसा’ म्हणायला त्यांची जीभ रेटेना. शेवटी मला तिच्या हातात ठेवून ते म्हणाले, “वयनी, दादानं धाडला. तिकून आलेल्या मानसाजवळ.”

सोजरबाईनं मला पदरानं पुसलं. “पह्यला चहा धनीच पितीन याच्यात,” म्हणाली आणि कोनाड्यात ठेवलं.

माझ्या बुडावरचा शिक्का तिला टपालाचा वाटे. त्यावर धन्याचा ठावठिकाणा असणार! एका बाजाराच्या दिवशी मला फडक्यात गुंडाळून ती वाशीमला कपबश्यांच्या दुकानात गेली. बैलगाडी उकंडरावच हाकत होते.

“सेठ, यावर कोनतं गाव लिवलं हाय?”

सैफुद्दीन सेठांनी चष्मा सारखा केला. “हा टपालचा शिक्का नाई बाई, कारखान्याचा हाय. गाव विलायतेतलं. पन कप काई लई जुना नाई. लढाई सरली त्या सालच्या मानमोडीच्या साथीनंतर तिसऱ्या वर्सी बनला.”

सोजरबाईनं बोटांवर मोजलं आणि तिचा चेहरा उजळला. “म्हंजे लढाई सरल्यावरबी धनी जिते होते! आयकलं का, भाऊजी?”

उकंडराव बैलांची घुंगरमाळ उगाच सारखी करत राहिले. सेठांनी खरं तेच वाचलं होतं. शिक्काही खरा होता. तरी खोट्याची साक्ष मीच दिली. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मातीला कुठली जीभ!

पुढं घरात दुसरे कप आले. ते पाहुण्यांत मिरवले, विसळले गेले, फुटलेही. मला त्यांचा हेवा वाटे. सोजरबाई दर दिवाळीला मला कोमट पाण्यानं धुवायची, “येतीन ना?” विचारायची आणि पुन्हा रिकामा ठेवायची. वीस वर्षं माझ्या काठाला कुणाचे ओठ लागले नाहीत.

मग एका उन्हाळ्यात ती गेली. बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, सवाष्णीसारखी ओटी भरली. उकंडराव भिंतीकडे तोंड करून रडत होते.

दहाव्याला नदीकाठी त्यांनी दोन पिंड मांडले.

“काका, दुसरा कोनाचा?” शेजारच्या रामधननं विचारलं.

“दादाचा. लई वर्सं झाले. माह्याच्यानं सांगनं झालं नाई.”

आणि पिशवीतून मला काढून त्यांनी माझ्यात चहा ओतला. माझ्या आयुष्यातला पहिला चहा. मला दुसऱ्या पिंडापुढं ठेवलं. तो चहा कुणी प्यायला नाही. थोडा वेळ मी ऊन होतो, मग निवत गेलो.

मित्रांनो, जुनं भांडं हाती आलं तर शिक्का जरूर वाचा. जन्म कुठला, साल कोणतं, ते तो सांगेल. मात्र कुणी पाठवलं आणि कुणी वाट पाहिली, ते त्याला विचारू नका. आणि मी कुठं सापडलोच, तर जपून ठेवू नका मला. फुटलो तरी चालेल. कुणाला तरी माझ्यातून चहा द्या.