बुधवारची निळी पेटी

मित्रांनो, या दवाखान्याचा पहारेकरी ज्या निळ्या पेटीवर बसून दुपारी जेवतो, ती मी. माझी कडी तुटली आहे, एका अंगाला चीर गेली आहे आणि पोटात झाडणाऱ्या बाईंची फडकी कोंबलेली आहेत. पण मी जन्मतःच बसायची पेटी नव्हते. माझ्या पोटातून लशी जायच्या.

कारखान्यात मला दुहेरी भिंती मिळाल्या. दोन भिंतींच्या मधे फेस भरला, तो घट्ट झाला आणि बाहेरचं ऊन आत यायचं बंद झालं. बाहेर काहीही होवो, आतला गारवा सोडायचा नाही, एवढा एकच धडा मला शिकवून गाडीत चढवलं. तो धडा मी शेवटपर्यंत पाळला. इथल्या सिस्टरनी मला पहिल्यांदा खांद्याला लावलं तेव्हा त्या तरुण होत्या आणि माझा पट्टा करकरीत होता. सकाळी त्या माझ्यात बर्फाच्या पिशव्या कडेने लावायच्या, मधे लशीच्या बाटल्या ठेवायच्या आणि झाकण दाबून म्हणायच्या, "चल गं बाई, सांभाळ." असं मायेनं पुन्हा मला कोणी म्हटलं नाही.

आमच्या वाट्याला जी वस्ती आली होती, तिच्या टोकाला एक पाच मजली इमारत होती. तिथे घरोघरी बायका शर्टांना बटणं लावायच्या. शर्टांचे गठ्ठे कारखान्यातून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे यायचे आणि काकू ते वाटायच्या. कुणाला भरलेला गठ्ठा, कुणाला रिकामा हात, हे काकूंच्या मनावर. त्यामुळे काकू हसल्या की जिना हसायचा आणि काकूंनी नाक मुरडलं की पाच मजले नाक मुरडायचे.

या काकू कधीतरी जिन्यात बोलून गेल्या होत्या, "माझ्या भाचीच्या पोराचा हात टोचल्यावर टम्म सुजला. आमच्याकडे कोणी टोचून घेणार नाही." झालं. बायकांनी माना डोलावल्या आणि इमारतीचं मत ठरलं.

पण मित्रांनो, माझं झाकण उघडलं की मला सगळं दिसायचं. दर बुधवारी या दवाखान्यात लस टोचली जायची, आणि दर बुधवारी त्याच इमारतीतली एखादी तरी आई मागच्या दाराने यायची. डोक्यावरून ओढणी, बाळ कडेला झाकलेलं. "सिस्टर, पटकन उरका. आणि तिकडे बोलू नका हं." सिस्टर प्रत्येकीला शब्द द्यायच्या. एकदा तर खुद्द काकूच नातवाला घेऊन आल्या. म्हणाल्या, "हसू नका. मी एकदा बोलून बसले. आता शब्द फिरवला तर उद्या बायका माझं ऐकतील का?"

टोचल्यावर बाळ किरकिरतं, कधी अंग तापतं. शेजारणीने विचारलं तर काय सांगायचं? तर दात येताहेत. त्या इमारतीत बाळांना दात बुधवारीच यायचे. सिस्टर आणि मी यावर पुष्कळ हसलो आहोत. आज मला ते हसू आठवलं की चीर गेलेल्या बाजूने आत ऊन शिरल्यासारखं वाटतं.

चौथ्या मजल्यावर एक नवी बाई राहायला आली. नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. घरात दुसरं मोठं माणूस नाही. तिची मुलगी इतकी वाटोळी आणि लहानगी होती, की जिन्यातल्या बायका तिला गुंडी म्हणायच्या. गुंडी गोवराच्या लशीच्या वयाची झाली, तेव्हा सिस्टर मला घेऊन चार मजले चढून गेल्या. गुंडी माझ्या पट्ट्याला लोंबकळली. तिची आई म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सांगता ते मला पटतं हो. पण इथे एकीनंही दिलेली नाही. मी नवीन. मीच आधी कशी जाऊ? उद्या काकूंनी गठ्ठा बंद केला तर खाऊ काय?"

"एकीनंही नाही, असं कुणी सांगितलं तुला?" सिस्टर म्हणाल्या.

तेवढ्यात समोरच्या दारातून शेजारीण डोकावली. "कुणी कशाला सांगायला हवं? आमची पोरं बघ की, न टोचता कशी टुणटुणीत आहेत!"

तिचं पोर मागच्याच बुधवारी माझ्या समोर रडलं होतं. तिने सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनी तिच्याकडे. सिस्टरनी तिला शब्द दिलेला होता. त्या मला उचलून खाली उतरल्या.

त्याच सुमारास पाहणीवाल्या ताई आल्या. लोक लस का घेतात, का घेत नाहीत, कुणाचं ऐकतात, हे शोधायचं त्यांचं काम. हुशार होत्या, गोड बोलायच्या, दारोदार बसून बायकांना बोलतं करायच्या. एका दुपारी त्या दवाखान्यात माझ्या शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, या इमारतीची गंमतच आहे. प्रत्येक जणी म्हणते, मी दिली, पण बाकीच्या देत नाहीत, त्यांना कळू देऊ नका. सगळ्या एकमेकींना भितात, आणि भिण्यासारखं कुणी नाहीच! फक्त चौथ्या मजल्यावरची खरोखर देत नाही."

"मग नावं न घेता जिन्यात उभं राहून सांगा ना सगळ्यांना," सिस्टर म्हणाल्या. "मी सांगितलं तर म्हणतील, हिचं कामच आहे. तुमचं ऐकतील."

"सांगणारच आहे. पण पाहणी संपू दे. मधेच सांगितलं तर पुढच्या घरांची उत्तरं बिघडतात."

"आणि गुंडी?"

"अहो, थोड्या आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

गोवराने मात्र पाहणी संपायची वाट पाहिली नाही.

गुंडीला ताप भरला. नाक वाहू लागलं, डोळे लाल झाले. तिची आई जिन्यात आली आणि तिने विचारलं, "तुमच्या मुलांना असा ताप यायचा का हो?" बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग समोरची म्हणाली, "यायचा की. दात येताहेत तिला." दुसरी म्हणाली, "आमच्याला तर तीनदा आला असेल." खोटं एकदा सांगितलं की त्याला रोज जेवू घालावं लागतं. सगळ्यांनी मिळून घातलं. गुंडीच्या आईला हायसं वाटलं. आपलं मूल चारचौघांसारखंच आहे, या समाधानात ती दात यायची वाट बघत घरी बसली.

अंगावर पुरळ उठलं आणि छाती भात्यासारखी हलू लागली, तेव्हा ती धावत दवाखान्यात आली. मी फळीवर होते. ती सिस्टरना विचारत होती, "दातच येताहेत ना? सगळ्यांना येतात ना असे?" सिस्टरनी गाडी बोलावून तिला मोठ्या इस्पितळात पाठवलं. गुंडी तिथून परत आली नाही.

पाहणीवाल्या ताई मग जिन्यात उभ्या राहिल्या. रडल्याही. म्हणाल्या, "या इमारतीतल्या सगळ्या घरांनी मुलांना लस दिली आहे. एका घराखेरीज." बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग सगळ्यांनी मिळून गुंडीच्या आईकडे. आधी बोलल्या त्या काकू.

"अगं, लस नव्हती दिलीस? आम्ही सगळ्यांनी दिली की! आई म्हणवतेस आणि एवढं कळलं नाही तुला?"

"तुम्हीच तर..." ती म्हणाली, आणि एकेकीच्या तोंडाकडे बघू लागली. समोरच्या शेजारणीने मांडीवरचा शर्ट उचलला आणि बटण लावायला घेतलं.

"आता आमच्यावर ढकलू नकोस हो," काकू म्हणाल्या. "आम्ही काय तुझा हात धरला होता?"

त्यानंतर इमारतीतल्या बायका पुढच्या दाराने येऊ लागल्या. ओढण्या खांद्यावर आल्या, हसणं-खिदळणं सुरू झालं. काकू स्वतः नव्या आयांना दटावून पाठवायच्या. वर्ष सरता सरता त्या इमारतीचं कौतुक करायचं ठरलं. कारण काय, तर इमारतीतल्या झाडून सगळ्या मुलांनी लस घेतलेली होती. एकही उरलं नव्हतं. मित्रांनो, हिशेब अगदी बरोबर होता.

कौतुकाच्या दिवशी मला घासूनपुसून दुसऱ्या मजल्यावर, काकूंच्या दारासमोर टेबलावर मांडलं. माझ्या शेजारी चौकटीतलं मानपत्र. आरोग्य खात्याच्या साहेबांनी ते काकूंच्या हाती दिलं, टाळ्या झाल्या. गुंडीची आई खाली आली ती सगळे पांगल्यावर, तयार शर्टांचा गठ्ठा काकूंच्या दाराशी ठेवायला. पोट काही थांबत नाही. परत जाताना ती माझ्यापाशी थांबली. माझं झाकण तिने उघडलं, आत पाहिलं. आत काही नव्हतं.

"सिस्टर," ती म्हणाली, "तेव्हा हिच्यात तिच्यापुरती लस होती का हो?"

सिस्टरना खोटं बोलता आलं असतं. इमारतीत तेवढं सगळ्यांनाच येत होतं.

"होती," त्या म्हणाल्या. "दर बुधवारी उरायची. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी चालत नाही. मी फेकून द्यायचे."

तिने झाकण हलकेच लावलं आणि जिना चढून गेली.

मित्रांनो, मला उन्हात टाकू नका, माझ्यावर बसू नका, असं म्हणायचा मला हक्क आहे. पण पहारेकऱ्याचं ओझं मला झेपतं. मागायचं ते वेगळंच आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, आपल्या बाळाला टोचून घरी न्याल, तेव्हा त्याला झाकून नेऊ नका. जिन्यात एखादी नवी आई दिसली तर थांबा आणि आपणहून सांगा. ती तुम्हाला विचारणार नाही. तुम्ही काय केलंत ते आपल्याला ठाऊकच आहे, असं तिला वाटत असतं.