शेपटावरच्या रेघा

हौसेला मोल नसतं म्हणतात. यतीनच्या हौसेला अक्कलही नव्हती. लंडनमधल्या ईलिंगच्या घरात २००६ च्या गणपतीला त्याने देखावा केला तो महायुद्धातल्या आकाशाचा! काळा पडदा, कापसाचे ढग, वर ब्रिटिश बॉम्बर आणि त्याच्या पोटाखाली दोन इंजिनांच्या जर्मन मेसरश्मिट विमानाचं मॉडेल, महिनोन्‌महिने खपून हाताने जोडलेलं.

"अरे, बाप्पासमोर फायटर प्लेन? लोक काय म्हणतील?" बायको, वैभवी, कुरकुरली होती.

"लोक फोटो काढतील."

आणि काढलेही. मग स्वारी कशाला थांबते! शेजारच्या डोरीनबाई, ऐंशी गाठलेल्या, दरवर्षी मोदक खायला यायच्या. त्यांना हाताला धरून पुढे उभं केलं आणि सगळ्यांसमोर इंग्रजीत भाषण सुरू. दिवसा हे विमान कुचकामी, जड, वळायला मंद. ब्रिटिशांच्या चपळ विमानांनी त्याची दाणादाण उडवली. मग जर्मनांनी त्यावर रडार आणि पाठीत वर नेम धरणाऱ्या तोफा बसवल्या, आणि रात्री सोडलं.

"बॉम्बरच्या खाली गुपचूप शिरायचं आणि पंखातल्या पेट्रोलच्या टाकीवर तोफ डागायची. वरच्यांना पत्ताच नाही! शेपटावरची एकेक रेघ म्हणजे पाडलेलं एकेक विमान."

टाळ्या पडल्या. डोरीनबाई चष्मा सावरून शेपटाकडे पाहत राहिल्या.

"एका विमानात सात जण असायचे," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ रॉन अगदी मागे, शेपटात बसायचा. गनर होता. एकोणीस वर्षांचा. परत आलाच नाही."

यतीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रेघा त्यानेच ओढल्या होत्या, श्वास रोखून, एखादी कमी पडू नये म्हणून पुस्तकाशी पडताळून. लाजेने त्याला बाप्पाकडेही पाहवेना.

"आय ॲम सो सॉरी, डोरीन. मी आत्ता काढतो ते."

"राहू दे." त्यांनी त्याचा हात धरला. "तुला यातलं सगळं माहीत आहे म्हणून विचारते. वरच्यांना पत्ता लागायचा नाही म्हणालास. म्हणजे रॉनला काही कळलंच नसेल ना?"

टाकी पेटली तरी विमान लगेच पडत नसे. जाळ मागे यायचा, आणि शेपटातल्या गनरचं पॅराशूट बहुधा त्याच्या जागेबाहेर अडकवलेलं असायचं. यतीनने हे सगळं वाचलं होतं, रविवारी चहाबरोबर, चवीचवीने.

"नाही," तो म्हणाला. "काहीच कळलं नसेल."

"थँक यू, डिअर," म्हणत त्या त्याचा हात थोपटत राहिल्या, आणि तो सोडवून घ्यायचं धैर्य काही यतीनला झालं नाही.