कोपरावरचे नऊ टाके

"बघितलं! माझ्याकडंच बघितलं!" लंगडा न्हावी ओरडला आणि इटलीतल्या फेराराच्या चौकात एकच गलका झाला.

चित्र होतं वैद्यराज एर्कोलानोंचं. फरच्या गळ्याचा काळा झगा, बोटात माणिक, हाताखाली ग्रीक ग्रंथ. एवढा श्रीमंत, एवढा विद्वान माणूस खोटं कशाला बोलेल? चित्रानं ज्याच्याकडं पाहिलं, तो बरा झालाच म्हणून समजा!

"माझी नजर पडलेलं पाणी आहे, माउली," वैद्यराज बाटली नाचवत म्हणाले. "पदुआच्या पंडितांनाही याचं गुपित उमगलं नाही!"

उमगणार कसं? गुपित विहिरीत होतं.

ओर्सोला आपल्या पोरीला, नेन्चाला, कडेवर घेऊन आज प्रथमच पार पुढं घुसली. गल्लीतल्या डॉक्टरला तिनं आठवड्यापूर्वी हाकललं होतं. मेल्याच्या अंगावर धड झगा नव्हता. तेव्हापासून ती नेन्चाच्या दोन्ही सुजल्या डोळ्यांत हेच पाणी घालत होती. आता डावा डोळा उघडतच नव्हता.

चित्रातल्या झग्याच्या कोपराकडं तिचं लक्ष गेलं. काळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याचे नऊ टाके. काळा दोरा संपला म्हणून तिनंच घातलेले! तिचा भाऊ बाल्दो चितारी. त्याच्याकडं येणारं गिऱ्हाईक हाच झगा चढवून चित्राला बसायचं.

ती तडक त्याच्या दारात उभी राहिली.

"झगा तुझा. माणिक?"

"काच. हळू बोल, ताई."

"ग्रंथ?"

"लाकडाचा ठोकळा. अक्षरं मीच खरडली. मला कुठं ग्रीक येतं?"

"आणि ते डोळे?"

"समोर बघणारे काढले की चित्र सगळ्यांकडंच बघतं. कुठल्याही चिताऱ्याला विचार."

"नेन्चाच्या डोळ्यात ते पाणी जातंय, ठाऊक होतं तुला?"

बाल्दोनं मान खाली घातली. "त्यानं आणखी कामं देतो म्हटलं होतं गं..."

"परक्यानं फसवलं असतं तर सोसलं असतं रे! तू तिचा मामा!"

तिनं खुंटीवरचा झगा ओढला, अंगात चढवला आणि चौकात चित्राशेजारी जाऊन उभी राहिली.

"या, मीही विद्वान झाले! मोजा टाके! डावीकडच्यांनो, तो तुमच्याकडं बघतोय? उजवीकडच्यांनो, तुमच्याकडंही? मग बरं कोण झालं? पुढं या!"

कोणीच आलं नाही. न्हावीसुद्धा लंगडत मागं सरला. वैद्यराज बाटल्या गोळा करू लागले.

गल्लीतल्या त्याच डॉक्टरनं नेन्चाला तपासलं. "उजवा वाचेल," तो म्हणाला. "डावा गेल्या आठवड्यात वाचला असता."

त्यानंतर चौकात कुणी नवा झगेवाला आला की ओर्सोला पोरीचं बोट धरून पुढं जायची. "बायांनो, झगा बघू नका. बरा झालेला माणूस दाखव म्हणावं. मी नाही विचारलं."