प्रश्नचिन्हवाल्या फायली

शिंपीणबाई नव्या पायावर उभ्या राहिल्या, दोन पावलं टाकली आणि मटकन खुर्चीत बसल्या. चेहरा पांढराफटक.

"ताई, हे तेच दुखणं आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षीचं. नडगीच्या टोकाशी. दादांनी काढलं होतं की हो हे! परत कसं आलं?"

दादा म्हणजे माझा नवरा. कृत्रिम पाय करायचं आमचं वर्कशॉप. माप घेणं, पाय बसवणं ह्यांचं. प्लास्टर ओतणं आणि घासणं माझं. हे जाऊन वर्ष होत आलं. बाईंचा जुना पाय जिन्यावरून पडून फुटला, तुकडेही त्यांनी फेकून दिले. म्हणून संगणकात ह्यांनी ठेवलेल्या मापावरून मी नवा केला होता. उभं राहून कापड बेतता आलं नाही तर बाईंचं दुकान बंद पडणार होतं.

गेल्या महिन्यात पोस्टमनलाही असाच जुन्या मापावरून नवा पाय करून दिला, तेव्हा त्याचंही जुनंच दुखणं उठलं होतं. मी त्याच्यावरच डाफरले होते. मागच्या खोलीतून ह्यांच्या पावलांचा आवाज मला अधूनमधून ऐकू येतो, हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक कीव करतात आणि कीव मला सोसत नाही. पण आता तर ह्यांनी काढलेली दुखणी एकेक करून परत येत होती. मला वाटलं, हे आलेत.

मी बाईंची फाईल उघडली. आकड्यांच्या खाली एका चौकटीत ह्यांनी लिहिलं होतं, 'टोचतंय का, विचारायचं.' पोस्टमनची उघडली. 'टाच उंच वाटते का, विचारायचं.' गाण्याच्या मास्तरांची उघडली. तिथेही विचारायचं. ही सगळी माणसं कधीच बरी चालू लागली होती. गेलेला माणूस प्रत्येक फायलीतून मला विचारत होता.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माप पक्कं नसलं की हे फायलीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकायचे. माणूस न लंगडता दाराबाहेर गेला की त्याच नावाची दुसरी फाईल करायचे, प्रश्नचिन्हाशिवाय. पहिली पुसायचे मात्र नाहीत. आपली चूक हाताशी असावी म्हणायचे.

मी धाकट्या दिरांना बोलावून घेतलं. नव्या संगणकावर फायली त्यांनीच आणल्या होत्या.

"वहिनी, नवं मशीन नावात प्रश्नचिन्ह घेतच नाही हो. फाईल नुसती दिसते, उघडायला गेलं की म्हणतं, अशी फाईलच नाही. मग मी सगळी चिन्हं एकदम उडवली."

"आणि दोन फायलींचं नाव एक झालं तेव्हा?"

"एकीच्या जागी दुसरी ठेवू का, असं विचारलं त्यानं. मी म्हटलं, ठेव. माणूस एकच, पाय एकच, मला काय कळणार?"

"जुनं मशीन कुठंय, भावोजी?"

"भंगारात गेलं. डोळ्यांसमोर नको, असं तुम्हीच म्हणालात."

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. प्रश्नचिन्हवाली फाईल पक्क्या फायलीच्या जागी जाऊन बसली होती. खात्रीचा माणूस पुसला गेला होता आणि माझ्या वाट्याला नुसती त्याची शंका उरली होती. खरं सांगू? तीही मला सोडवत नव्हती. ह्या दुखण्यात हे होते. ते काढलं की हेही जाणार.

"ताई," बाहेरून शिंपीणबाईंचा आवाज आला, "माझं काय ते सांगा. गिऱ्हाईक थांबत नाही."

मी जाऊन त्यांच्यासमोर फरशीवर बसले. हे बसायचे तिथेच. जन्मात कधी माप घेतलं नव्हतं. गुडघ्याखालचा उरलेला पाय दोन्ही हातांत धरला आणि हाडावर अंगठा टेकवला.

"टोचतंय का?"

"तिथे टोचायचं ते दादांच्या वेळी. आता त्याच्या जरा खाली. पाय वाळलाय हो माझा वर्षभरात."

माझे हात थांबले. म्हणजे ती पक्की फाईल सापडली असती, तरी हा पाय तिच्यात बसला नसता. ह्या पायाबद्दल ह्यांना आता काहीच माहीत नव्हतं. मी अंगठा खाली सरकवला आणि मला हुंदका फुटला. वर्षभरात पहिल्यांदाच, तोही गिऱ्हाइकासमोर.

शिंपीणबाईंनी माझी समजूतबिमजूत काढली नाही.

"रडा हवं तेवढं," त्या म्हणाल्या, "पण अंगठा हलवू नका. बरोबर जागी आहे."