गदगदा हलणारी उशी

बाबा घोरायला लागले की खिडकीच्या काचासुद्धा थरथरतात. म्हणून मी त्यांच्या उशीत माइक आणि खेळण्यातल्या गाडीची मोटर बसवली. घोरण्याचा आवाज आला की उशी गदगदा हलणार! मला ती शाळेच्या प्रदर्शनात मांडायची होती, पण आईची अट होती, "आधी मला एक दुपार शांत झोपू दे, मग ने."

रविवारी जेवून आई-बाबा पलंगावर आडवे झाले. बाबांनी लगेच सूर लावला आणि उशी हलली.

आता बाबा लोकांना गाडी शिकवतात. शिकाऊ माणसानं गचका दिला की त्यांचा पाय आपोआप स्वतःच्या बाजूच्या ब्रेकवर जातो. झोपेतही गेला. "अहो ताई, ब्रेक!" असं ओरडत त्यांनी आईच्या कमरेवर असा काही पाय दाबला, की ती धप्पकन खाली!

माझं प्रदर्शन बोंबललंच होतं. तरी मी विचारलं, "पण आई, घोरणं थांबलं ना?"

बाबा डोळे चोळत उठले. "कुणी ठोकली गाडी?"

आई कंबर धरून म्हणाली, "ने गं बाई प्रदर्शनात. उशीही ने आणि हे ध्यानही ने!"