माझ्या तेलात शेवटची धार

मी रादोयकोचा जुना, बुटका ट्रॅक्टर. मित्रांनो, आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझं डोकं फिरलंय.

सर्बियातल्या या उतारावर, आलुबुखाराच्या बागेत माझी उमेदीची वर्षं गेली. फळांनी भरलेले क्रेट मागच्या दांड्यांवर अलगद उचलायचे, हे माझं काम. ती ताकद माझ्या हायड्रॉलिक पंपाची. "बुटका आहे, पण बैलाला भारी," असं गाव म्हणायचं. तेव्हा मला धुवायचे, पुसायचे. पुढे मला कोंबड्यांच्या शेडमध्ये ढकललं. सीटवर कोंबड्या बसू लागल्या. तेही सोसलं.

यंदा ऐन तोडणीत माझा पंप कण्हू लागला. क्रेट झटके खात उठायचा आणि अर्ध्यातच अडायचा. झाडांखाली फळांचा सडा पडला होता. आठवडाभरात उचलली नाहीत, तर वर्षाची मेहनत मातीत जाणार. रादोयकोनं वुकोमान मेकॅनिकला बोलावलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी घरची आलुबुखाराची दारू, मग काम. वुकोमानची कामापर्यंत मजल गेलीच नाही. खुर्चीतूनच माझं कण्हणं ऐकून म्हणाला, "पंप मेला. भंगारात घाल याला."

अरे शहाण्या, झाकण तरी उघडायचं होतंस. तेल मोजायची पट्टी तरी ओढून बघायची होतीस.

"देऊन टाकू या का?" रादोयकोनं बायकोला विचारलं.

"आणि फळं काय डोक्यावरून आणशील?" मिलुंका म्हणाली. "तुझी कंबर रोज मीच शेकतेय."

तिनं पट्टी ओढली. तेल दुधासारखं पांढरं. थोडं तेल बाटलीत घेऊन तिनं खळखळून हलवलं. दारूचा कस बघायला इथे असेच बुडबुडे बघतात. मग बाटली ओट्यावर ठेवून दिली.

"हवा शिरली असती, तर एव्हाना तेल निवळलं असतं," दुपारी ती म्हणाली. "हे अजून दूधच आहे. यात पाणी गेलंय." तिनं बाटली हुंगली आणि तिचा चेहराच बदलला. "याच्यात घातलेलं तेल कुठल्या कॅनमध्ये आणलं होतंस?"

"त्या निळ्या."

"अरे, त्यात शेवटच्या धारेची दारू होती. कॅन धुतलास तरी का?"

दारू गाळताना पहिल्या धारेची कडक ही माणसं कुलपात ठेवतात, आणि शेवटचं पाणचट मिळेल त्या कॅनमध्ये. तेच माझ्या पोटात गेलं होतं.

दोघांनी सगळं तेल काढलं, गाळणी धुतली, नवं तेल भरलं. पंप वाचला. पण आत ओरखडे पडले ते पडलेच. पूर्वीइतका भार आता पेलत नाही. वरच्या बांधावरची फळंही तोवर कुजली. मित्रांनो, आम्ही कण्हतो तेव्हा आधी तेल बघा. मेला म्हणायची घाई करू नका.

तोडणी संपली तेव्हा रादोयको पेला घेऊन माझ्यापाशी आला. इथे मेलेल्यांच्या नावानं चार थेंब सांडायची रीत आहे. "चुकलं रे, बुटक्या," असं पुटपुटत त्यानं पेला माझ्या बॉनेटवर कलता केला.

मिलुंकानं त्याचं मनगट धरलं. "ते थेंब मेलेल्यांना. हा जिवंत आहे."